अंसकंडरेची अपूर्ण फाट : अवबाहुक म्हणण्यापूर्वी

गेल्या काही वर्षांत खांद्याचा रुग्ण वैद्याकडे येण्याची रीतच बदलली आहे. पूर्वी तो "हात वर जात नाही" एवढीच तक्रार घेऊन येई आणि निदान आपण करावयाचे असे. आता तो सोनोग्राफीचा अथवा एम.आर.आय.चा अहवाल हातात घेऊनच दालनात शिरतो. अहवालात 'सुप्रास्पायनेटस, पार्शल टिअर' हे शब्द कोणीतरी पेनाने अधोरेखित केलेले असतात. घरातील मंडळी घाबरलेली असतात आणि प्रश्न ठरलेला असतो : "शीर तुटली म्हणतात, ऑपरेशनशिवाय भागेल का?"

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो. "तुटले आहे, म्हणजे शिवलेच पाहिजे" असे एक बाजू म्हणते. "आमच्याकडे तेल आहे, पंधरा दिवसांत हात वर जाईल" असे दुसरी. दुसऱ्या बाजूस आपण स्वतः उभे असतो, म्हणून तिच्याविषयी अधिक स्पष्ट बोलणे आवश्यक वाटते.

आरंभी नावांचा घोटाळा दूर करणे बरे. 'रोटेटर कफ' या संज्ञेतील 'कफ' म्हणजे सदऱ्याच्या बाहीची पट्टी. चार पेशींच्या कंडरा खांद्याच्या गोळ्याला त्या पट्टीप्रमाणे वेढून बसतात, म्हणून हे नाव. आमच्याकडील एका सुशिक्षित गृहस्थांनी मात्र अहवाल वाचून आठवडाभर दही व केळी वर्ज्य केली होती आणि सितोपलादि चूर्ण मधातून चालू केले होते! दुसरा घोटाळा 'स्नायू' या शब्दाचा. व्यवहारातील मराठीत स्नायू म्हणजे मांसल भाग. संहितेत त्यास पेशी म्हणतात, आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणारी दोरी. प्रस्तुत लेखात हा शब्द संहितेच्या अर्थानेच घ्यावा.

शारीर

अंसफलकापासून निघून बाहूच्या अस्थिशीर्षाला चिकटणाऱ्या चार पेशी आहेत : वरून सुप्रास्पायनेटस, मागून इन्फ्रास्पायनेटस व टेरीस मायनर, पुढून सबस्कॅप्युलॅरिस. हात उचलणारी मोठी पेशी, म्हणजे डेल्टॉइड, जेव्हा बाहू वर ओढते तेव्हा अस्थिशीर्ष उथळ खोबणीत मध्यभागी दाबून धरण्याचे काम या चौघी करतात. यांपैकी वरची कंडरा अंसकूटाच्या खालून जाते. तिची जाडी साधारण १० ते १२ मिलिमीटर असते, आणि ती व अंसकूट यांच्यामध्ये एक चपटी द्रवपिशवी असते. हात वारंवार डोक्यावर नेणाऱ्याची कंडरा याच जागी झिजते. अस्थीला चिकटण्याच्या जागेजवळ तिचा रक्तपुरवठाही तोकडा असतो. वाढते वय, मधुमेह आणि धूम्रपान यांनी ती अधिक दुबळी होते.

अपूर्ण फाट तीन ठिकाणी असू शकते : सांध्याच्या बाजूने, वरील द्रवपिशवीच्या बाजूने, किंवा कंडरेच्या गाभ्यात. सांध्याच्या बाजूची अधिक आढळते. द्रवपिशवीच्या बाजूची पुष्कळदा अधिक दुखते. एल्मन यांनी १९९० मध्ये खोलीनुसार तीन श्रेणी सुचविल्या, त्या आजही अहवालांत दिसतात : ३ मिलिमीटरहून कमी ती पहिली, ३ ते ६ ती दुसरी, आणि ६ हून अधिक, म्हणजे निम्म्याहून जास्त जाडी गेलेली, ती तिसरी. अहवाल हाती आल्यावर केवळ 'टिअर' या शब्दावर न थांबता बाजू कोणती आणि खोली किती, या दोन गोष्टी प्रथम शोधाव्यात.

आता संहितेकडे वळू. सुश्रुताचार्यांनी अंसमर्म हे स्नायुमर्म म्हणून सांगितले, त्याचे प्रमाण अर्धे अंगुल दिले, त्याची गणना वैकल्यकर मर्मांत केली आणि आघाताचे फळ बाहूची स्तब्धता असे नोंदविले. शारीरस्थानात स्नायूंचे वर्णन करताना त्यांनी दोऱ्यांनी बांधलेल्या फळ्यांच्या नौकेचा दृष्टान्त दिला आहे. बंधने शाबूत असतील तरच ती नौका भार पेलते. अस्थी, पेशी, सिरा वा संधी यांच्या विकृतीपेक्षा स्नायूची विकृती शरीराला अधिक घातक, असेही ते म्हणतात. खांद्याच्या बाबतीत हे शब्दशः खरे आहे, कारण हा सांधा हाडांच्या खोबणीवर फारच थोडा आणि बंधनांवर पुष्कळ विसंबून असतो.

निदानस्थानात अंसप्रदेशी राहिलेला वायू अंसबंधन शोषवितो, आणि तेथील सिरा आकुंचित करून अवबाहुक उत्पन्न करतो, असे वर्णन आहे. मधुकोश टीकेने येथे महत्त्वाचा भेद केला : शोष हा केवळ वाताचा, तर अवबाहुक वात आणि कफ या दोहोंचा. अभ्यासक्रमात आपण हा भेद परीक्षेपुरता पाठ करतो आणि विसरतो. माझ्या मते या विषयाची किल्ली येथेच आहे. आखडलेला खांदा, ज्यास आज 'फ्रोझन शोल्डर' म्हणतात, तो स्तंभप्रधान. त्यास स्वेद द्यावा, हालवावे, मोकळा करावा. झिजून फाटू लागलेली कंडरा शोषप्रधान. तिला आधी जपावे, पोसावे, आणि मग बेताबेताने भार द्यावा. दोन्ही रुग्ण "हात वर जात नाही" असेच म्हणतात. चिकित्सा मात्र आरंभी जवळजवळ उलट दिशेची असते.

माझी एक चूक

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमचा तासगावचा भाग द्राक्षांचा. बाग मांडवावर असते, त्यामुळे एप्रिलची खरड छाटणी असो वा ऑक्टोबरची गोडी छाटणी, विरळणी असो वा घड औषधात बुडविणे असो, मजुराचे हात दिवसभर डोक्याच्या वर. विरळणीचा हंगाम संपला की खांद्याचे रुग्ण येऊ लागतात.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी अशाच एका टोळीत काम करणाऱ्या, पन्नाशीला आलेल्या बाई आल्या. उजवा खांदा तीन महिन्यांपासून दुखत होता, त्या कुशीवर झोप येत नव्हती, हात वर जात नव्हता. मी नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, हात वर करावयास सांगितला आणि अवबाहुक असे निदान लिहून मोकळा झालो. त्यांचा हात मी स्वतः हालवून पाहिला नाही. पत्रपोटली स्वेद, महामाष तैलाने जोरकस मर्दन आणि भिंतीवर बोटे चढविण्याचा व्यायाम, तोही "दुखले तरी रोज दोन बोटे वर" अशा आज्ञेसह. पाचव्या दिवशी माझ्या परिचारकाने हात वर ताणला तेव्हा बाईंना आत 'कट्' झाल्याचे जाणवले. त्यानंतर हात बाजूला उचलताच येईना. मिरजेस सोनोग्राफी झाली. कंडरा पूर्ण तुटलेली होती.

फाट आधीपासून पूर्ण होती, की अपूर्ण फाट आमच्या हातून पूर्ण झाली, हे आज कोणालाच सांगता येणार नाही, कारण मी आधी तपासलेच नव्हते. बाईंची शस्त्रक्रिया झाली. एक हंगाम पूर्ण बुडाला, दुसरा अर्धा. आता त्या बेदाणा निवडण्याच्या शेडमध्ये बसून काम करतात. मांडवाखाली गेल्या नाहीत, आणि तेथील मजुरी छाटणीच्या मजुरीहून कमी असते. मला त्यांनी कधी बोल लावला नाही. असो.

परीक्षण

प्रत्येक खांद्याच्या रुग्णात पुढील परीक्षण पाच मिनिटांत होते, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

रुग्णाचा सदरा काढून पाठीमागून पाहावे. अंसफलकावरील आडव्या कंगोऱ्याच्या वर वा खाली खळगा पडला असेल तर तो पेशींचा शोष. जुनी, मोठी फाट किंवा वातवाहिनीचा विकार मनात आणावा. मग रुग्णाचे कोपर कमरेशी टेकवून काटकोनात दुमडावे आणि वैद्याने स्वतः त्याचा पंजा हळूहळू बाहेर वळवावा. ही एकच कृती बहुतेक गोंधळ दूर करते. आखडलेल्या खांद्यात रुग्णाने वळविले तरी वळत नाही आणि वैद्याने वळविले तरी वळत नाही; मध्येच खुंटी लागल्यासारखा हात थांबतो. अपूर्ण फाटीत रुग्णास स्वतः हालचाल करताना वेदना होते, परंतु वैद्याने सावकाश केल्यास हात बहुतांशी पूर्ण जातो. (वृद्धात संधिवातानेही हात असाच अडतो, तेथे साधा एक्स-रे उलगडा करतो.) आखडलेल्या प्रत्येक खांद्यात रक्तशर्करा पाहावीच.

त्यानंतर रुग्णास हात बाजूने वर नेण्यास सांगावे. सुमारे ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात वेदना आणि त्याच्या वर-खाली आराम, हे कंडरेच्या अथवा द्रवपिशवीच्या दुखण्याचे लक्षण. मग बलपरीक्षा. दोन्ही हात खांद्याइतके, किंचित पुढच्या बाजूस उचलून, पेल्यातील पाणी ओतावे तसे अंगठे खाली करवून वैद्याने वरून हलका दाब द्यावा. दुखते पण हात टिकतो, तर फाट असल्यास ती बहुधा अपूर्ण. हात टिकतच नाही, किंवा वर नेलेला हात सावकाश खाली आणताना मध्येच गळून पडतो, तर पूर्ण फाटीचा संशय घ्यावा. वेदनेमुळेही बल कमी भासते, हे ध्यानात ठेवून संशयित रुग्णात दोन-चार दिवसांनी ही परीक्षा पुन्हा करावी. पुढील कंडरेसाठी रुग्णास तळहाताने स्वतःचे पोट दाबावयास सांगावे. तसे करताना कोपर मागे घसरत असेल तर ती दुबळी आहे.

मान तपासल्यावाचून खांद्याचे निदान लिहू नये. कोपराच्या खाली उतरणारी वेदना, बोटांत मुंग्या, मान वळविल्याने वाढणारा त्रास हे मानेकडे बोट दाखवितात. संहितेतील विश्वाची याच बाजूची. चालताना डावा खांदा भरून येत असेल आणि थांबल्यावर उतरत असेल तर ते हृदय आहे, तेल नव्हे. जेवणानंतर उजव्या खांद्याच्या टोकाशी येणारी कळ पित्ताशयाची असू शकते. वर्षानुवर्षे विडी ओढणाऱ्याच्या खांद्यात न थांबणारी वेदना आणि हाताच्या पंजात शोष दिसल्यास छातीचा एक्स-रे आधी.

पडल्यानंतर वा जोराचा झटका बसल्यानंतर एकाएकी हात उचलता न येणे, ही स्थिती सर्वस्वी वेगळी आहे. तिला 'मुका मार' म्हणून लेप लावून तीन आठवडे घालवू नयेत. त्याच आठवड्यात सोनोग्राफी करवून अस्थिशल्यतज्ज्ञाचे मत घ्यावे, कारण आघाताने झालेली पूर्ण फाट जितकी लवकर शिवली जाते तितके बरे. उशीर झाला की पेशी मागे ओढली जाते आणि तिच्यात मेद भरतो.

फाट आणि वेदना

येथे रुग्णाला आणि आपल्यालाही धीर देणारी एक गोष्ट आहे. शेर व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खांद्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ९६ व्यक्तींचे एम.आर.आय. केले. त्यांपैकी ३४ टक्के जणांत कंडरेची फाट आढळली. साठीपुढील गटात हे प्रमाण ५४ टक्के होते. चाळीस ते साठ वयोगटातही २४ टक्के जणांत अपूर्ण फाट होती, आणि यांपैकी कोणाचाच खांदा दुखत नव्हता.

म्हणजे पन्नाशीनंतरच्या खांद्यातील लहान फाट ही पुष्कळदा केसांतील पांढऱ्या बटेसारखी असते. ती आहे हे खरे, पण आजचे दुखणे तिचेच, असे त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून अहवालाची चिकित्सा न करता रुग्णाची करावी. याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे : अपूर्ण फाट आपोआप पूर्ण भरून येणे विरळा. पुष्कळ तशाच राहतात, काही हळूहळू वाढतात, आणि निम्म्याहून खोल असलेल्यांत वाढण्याची भीती अधिक.

आमच्या येथील एक निवृत्तीला आलेले शिक्षक, फळ्यावर लिहिण्याचा हात उजवा, सांध्याच्या बाजूची ४ मिलिमीटर फाट. त्यांस शस्त्रक्रिया सुचविली गेली होती. चार महिन्यांच्या उपचारांनी त्यांची झोप परत आली आणि सहाव्या महिन्यात ते फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत लिहू लागले. वर्षाने त्यांनी हौसेने पुन्हा सोनोग्राफी केली. फाट होती तेवढीच होती! ते निराश झाले. मला मात्र तो अहवाल शिकवून गेला. आपल्या औषधांनी तुटलेले तंतू सांधले, असे छातीठोकपणे सांगण्याजोगा पुरावा आपल्यापाशी नाही. वेदना शमते, सभोवतीच्या पेशी बळकट होतात आणि उरलेली कंडरा भार पेलू लागते. रुग्णाला एवढेच आश्वासन द्यावे. ते पुरेसे मोठे आहे.

आयुर्वेदीय उपक्रम

बाहुशीर्षगत वातात नस्य आणि भोजनोत्तर स्नेहपान, हे चरकाचार्यांचे सूत्र. अवबाहुकासाठी वाग्भटांनीही तेच सांगितले. स्नायू, संधी व अस्थिगत वातात स्नेहन, उपनाह, अग्निकर्म, बंधन आणि मर्दन हे सुश्रुतोक्त उपक्रम. कोणता, केव्हा आणि किती, हे अवस्थेवरून ठरवावे.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रात्रीची वेदना तीव्र असते आणि द्रवपिशवीत शोथ असतो. या काळात जोरकस स्वेद व मर्दन वर्ज्य. जिव्हा लिप्त, अंग जड, भूक मंद असेल तर रास्नासप्तक क्वाथ शुंठीसह देऊन आधी आमाचे पाचन करावे. स्पर्शास खांदा ऊन लागत असेल तर दशांग लेप कोमट लावून वाळू लागताच काढावा. हात झोळीत बांधून आठवडेच्या आठवडे ठेवणे ही दुसरी चूक. दोन-चार दिवसांपलीकडे बांधून ठेवल्यास फाटलेल्या खांद्यास आखडण्याचीही जोड मिळते. मांडवाखालचे काम, वरच्या फळीवरील डबे काढणे, पाण्याची घागर उचलणे मात्र थांबवावे.

वेदना ओसरू लागली की नस्य. क्षीरबला आवर्ती अथवा अणुतैल, मान व पाठ यांस अभ्यंग आणि मृदू स्वेद करून, सात दिवस. मात्रेविषयी एक टीप द्यावीशी वाटते. वाग्भटांनी मर्श नस्याची उत्तम, मध्यम व हीन मात्रा अनुक्रमे दहा, आठ व सहा बिंदू सांगितली. परंतु तो बिंदू म्हणजे तर्जनीची दोन पेरे स्नेहात बुडवून पडणारा थेंब, आजच्या ड्रॉपरचा बारीक थेंब नव्हे. अनेकांचे नस्य निष्फळ ठरण्याचे कारण बहुधा हेच असावे. घरी चालू ठेवण्यासाठी प्रतिमर्श दोन बिंदू. औषधकाल व्यानाचा विचार करून प्रातःकालीन भोजनाच्या अंती घ्यावा. उदानाचाही संबंध दिसल्यास सायंभोजनोत्तर.

अभ्यंगासाठी क्षीरबला, धान्वंतर अथवा कार्पासास्थ्यादि तैल. दाब तळहाताचा असावा, अंगठ्याचा नको. परिचारकास "तेल जिरवा, गाठ फोडू नका" असे मी आता स्पष्ट सांगतो. हात ताणून 'सोडविणे' हे अपूर्ण फाटीत पूर्णतः निषिद्ध. हाडवैद्याकडे ओढून आलेल्या रुग्णांत याची फळे आपण सर्वांनी पाहिली आहेत. अभ्यंतर शमनात त्रयोदशांग गुग्गुळ ५०० मिलिग्रॅम दोन वेळा, क्षतप्रधान अवस्थेत त्याजागी लाक्षा किंवा आभा गुग्गुळ, आणि शोषप्रधान कृश रुग्णात अश्वगंधा क्षीरपाक : द्रव्याच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी, दूध शेष राहीतो आटविणे. थायरॉइडची औषधे घेणाऱ्यास अश्वगंधा देताना तपासण्यांवर लक्ष ठेवावे. पक्वाशय दुष्ट असलेल्या जीर्ण रुग्णात स्निग्ध बस्तीचा उपयोग मला नस्याइतकाच वाटतो. ठरावीक बिंदूवर टिकून राहणाऱ्या वेदनेत मर्मस्थान वर्जून अग्निकर्म करावे. वेदनेस उतार पडतो, परंतु तो काळ व्यायाम सुरू करण्यासाठी वापरावयाचा, पुन्हा मांडवाखाली जाण्यासाठी नव्हे. अनियंत्रित मधुमेहात ते टाळावे.

व्यायाम

आपल्या चिकित्सेत हा भाग नेहमी दुबळा राहतो. तेल देऊन आपण मोकळे होतो. कंडरा ही भाराने घडते. भार अजिबात न मिळाल्यास ती शोषते आणि एकदम मिळाल्यास फाटते.

आरंभी लंबकासारखा झोका : पुढे वाकून, निरोगी हात टेबलावर टेकून, दुखरा हात सैल लोंबता सोडायचा आणि अंग हलवून त्यास झुलू द्यायचे. हा व्यायाम बोस्टनचे शल्यतज्ज्ञ कॉडमन यांच्या नावाने ओळखला जातो. खांद्यावरील त्यांचा ग्रंथ १९३४ सालचा. वेदना निवल्यावर अंसफलके मागे एकत्र आणणे, आणि कोपर कमरेशी ठेवून भिंतीवर पंजाचा बाहेरच्या बाजूस दाब देणे, दहा मोजेपर्यंत. तीन-चार आठवड्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खिडकीच्या गजाला बांधून तीच हालचाल ताणासह. ओढण्यापेक्षा सोडणे सावकाश. कोपर व बरगड्या यांच्यामध्ये घडी केलेला पंचा धरावयास सांगावा, म्हणजे हात भलतीकडे जात नाही. वेदना किंचित होऊन दुसऱ्या सकाळपर्यंत उतरत असेल तर मात्रा योग्य. रात्र जागवीत असेल तर अर्धी करावी. बारा आठवड्यांआधी निष्कर्ष काढू नये.

व्यायामाचा मोठा कार्यक्रम आखता येत नाही म्हणून संकोच करण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये ७०८ रुग्णांवर झालेला 'ग्रास्प' हा अभ्यास २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अनेक बैठकांच्या देखरेखीतील व्यायामाची तुलना एकाच बैठकीत नीट समजावून दिलेल्या सल्ल्याशी केली. वर्षअखेर दोहोंत फरक आढळला नाही. मी यावरून एवढेच घेतले की रुग्णास सहा प्रकार दाखविण्यापेक्षा दोन प्रकार आपल्यासमोर बिनचूक करवून घ्यावेत.

सुई आणि शस्त्रकर्म

खांद्यात स्टेरॉइडची सुई घ्यावी का, हा प्रश्न रुग्ण आपल्यालाच विचारतो. वरील अभ्यासात सुईने सुरुवातीचे काही आठवडे थोडा आराम दिला, पुढे लाभ टिकला नाही. झोपच येत नसलेल्या रुग्णास व्यायाम सुरू करण्यापुरती एक सुई घेण्यास मी विरोध करीत नाही. दर दोन महिन्यांनी सुई घेत काम चालू ठेवणाऱ्यास मात्र निक्षून सांगतो, कारण वारंवार दिलेल्या सुईने कंडरा दुबळी होते आणि वेदना नसल्याने तो तिच्यावर भार टाकत राहतो. मधुमेहींची शर्करा सुईनंतर काही दिवस चढते, हे आधी सांगून ठेवावे. रक्तातील प्लेटलेट्स गाळून देण्याची पी.आर.पी. सुई महाग असून तिच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

शस्त्रक्रियेचा विचार केव्हा? फाट निम्म्याहून खोल, विशेषतः द्रवपिशवीच्या बाजूची. तीन ते सहा महिने नीट उपचार होऊनही झोप व काम जमत नाही. अथवा बल कमी होत चालले आहे, अशा वेळी. दुर्बिणीतून कंडरा शिवल्यावर हात चार ते सहा आठवडे झोळीत राहतो आणि जड कामास साधारण चार ते सहा महिने लागतात. द्राक्षाच्या मजुराला हा हिशेब हंगामाच्या भाषेत समजावून द्यावा लागतो. शिवण्याची क्रिया आणि केवळ अंसकूटाचे हाड तासण्याची क्रिया यांत मात्र भेद करावा. दुसरीची तुलना नुसती दुर्बीण घालून पाहण्याशी केलेले इंग्लंड व फिनलंडमधील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींत रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण फरक दिसला नाही, आणि २०१९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या तज्ज्ञमंडळाने अंसकूटाखालील वेदनेसाठी ती करू नये असा सल्ला दिला. केवळ "हाड वाढले आहे, तासून घ्या" असे सांगितलेल्या रुग्णास दुसरे मत घेण्यास सुचविणे अनुचित नाही.

औषधालयांसाठी

खांद्याचा रुग्ण वैद्याआधी पुष्कळदा औषधालयाच्या काउंटरवर पोहोचतो, म्हणून विक्रेते बंधूंना चार शब्द. क्षीरबला तैलाची अभ्यंगाची मोठी बाटली आणि आवर्ती क्षीरबलाची लहान बाटली यांत ग्राहकाचा गोंधळ होतो. चिठ्ठीवर नुसते 'क्षीरबला' असेल तर वैद्यास विचारूनच द्यावे; आपणही चिठ्ठी स्पष्ट लिहावी. वातविध्वंस रसात वत्सनाभ आहे. ते औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टातील विषद्रव्य असल्याने जुन्या चिठ्ठीवर महिनोन्महिने देत राहणे योग्य नव्हे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यास कोणताही गुग्गुळकल्प वैद्यास न विचारता देऊ नये. लेपाखाली झणझणणारा बाम लावण्याची सवय अनेकांना आहे; त्वचेवर फोड येतात आणि दोष लेपास लागतो. आणि विनालेबल पुडीने "दोन दिवसांत हात मोकळा झाला" असे कोणी सांगत आला, तर त्या पुडीत स्टेरॉइड वा वेदनाशामक मिसळलेले असण्याचा संशय घ्यावा. असे औषध महिनोन्महिने घेतलेल्यास ते एकाएकी बंद करावयास न सांगता तज्ज्ञाकडे धाडावे.

झोपेविषयी रुग्ण हमखास विचारतो. उताणे निजून दुखऱ्या बाजूच्या कोपराखाली लहान उशी घ्यावी. कुशीवर निजल्यास निरोगी कुशीवर, आणि दुखरा हात छातीपुढे उशीवर.

अस्थिशल्यतज्ज्ञाकडे रुग्ण पाठविताना सोबत चिठ्ठी द्यावी. दुखणे केव्हा व कशाने सुरू झाले, पहिल्या दिवशी बल किती होते व आज किती आहे, वैद्याने वळविल्यास हात कोठवर जातो, कोणते उपक्रम किती दिवस केले, आणि सुया दिल्या गेल्या असल्यास किती व कोणत्या तारखांना, एवढे त्यात असावे. शेवटची सुई नुकतीच झाली असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते, म्हणून ती तारीख रुग्णाला आठवत नसल्यास जुने कागद पाहून लिहावी.